रांगोळीने घासलेला रुपया

ते प्रकरण मी अजून विसरलेले नाही. विसरण्याचा प्रयत्न मात्र अगदी नेटाने केला.

तेव्हा मी मुलुंडच्या एका पोलीस ठाण्यात सहाय्यक निरीक्षक होते. पन्नाशीला टेकलेली, दर पंधरवड्याला केस काळे करणारी आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की खात्री असलेली बाई. आज ती समोर आली तर मी तिला आधी दोन तास बाकावर बसवून ठेवीन, मग पाणी विचारीन.

गणपतीच्या आधीचे दिवस. बंदोबस्ताच्या याद्या चालू असताना एक निवृत्त काका तक्रार अर्ज घेऊन आले. त्यांनी इंटरनेटवरून १९३९ सालचा चांदीचा रुपया विकत घेतला होता. त्या सालचा रुपया फार दुर्मीळ. आदल्या वर्षीचा, म्हणजे १९३८चा, त्यामानाने सहज मिळतो. काकांच्या एका मित्राने भिंग लावून सांगितलं, हा अडतीसचाच आहे, इंग्रजी आठ कोरून त्याचा नऊ केलाय.

"घेतल्यावर तपासलं नाहीत?"

"तपासलं ना बाई! वजन केलं, लोहचुंबक लावलं, वाजवूनसुद्धा बघितलं. सगळं बरोबर आलं."

बरोबर येणारच. नाणं खरं होतं, चांदीही खरी होती. खोटा होता तो फक्त एक आकडा.

काकांनी रुपया जमा केला. तो इतका काळवंडलेला होता की साल नीट दिसेना. पंच खोळंबले होते, फोटो काढायचा होता. घरी मी आदल्याच दिवशी गौरीची चांदी रांगोळीने लख्ख केली होती, आणि ठाण्याच्या गणपतीसाठी आणलेलं रांगोळीचं पुडकं टेबलाखाली होतंच. चिमूटभर ओली रांगोळी घेतली आणि रुपया घासला. आरशासारखा झाला. मीच खूश.

आमचे हवालदार मालवणकडचे, निवृत्तीला आलेले. ते म्हणाले, "मॅडम, मुद्देमाल कोण घासणा नाय."

"अहो, सबंध गौर घासते मी. हा तर एक रुपया."

पंचनाम्यात लिहिलं, "नाणे चकचकीत स्थितीत मिळून आले." लाखेचं सील मारलं. इतकी सुबक चूक मी आयुष्यात पुन्हा केली नाही.

विकणाऱ्याचा पत्ता अर्धवट होता, पाकिटावर नुसतं मालाड. चार दिवसांनी काकांच्या त्याच मित्राचा फोन आला की तो माणूस रविवारी घाटकोपरला नाण्यांच्या प्रदर्शनात येणार आहे. साध्या वेशात गेलो आणि त्याला ठाण्यात आणलं. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, पाच वेळा "मॅडम" म्हटल्याशिवाय न बसणारा. घरझडतीत बारीक कानशींचा संच मिळाला. झालं! माझ्या मते प्रकरण संपलंच होतं.

"या कानशी कोणाच्या?"

"बाबांच्या. ते फिटर होते. नाण्यांचा नादही त्यांचाच."

"म्हणजे हत्यार घरचं, नाणं घरचं. आकडा तेवढा आपोआप बदलला काय रे?"

"मॅडम, बाबांनी हा रुपया आणला तेव्हा मी शाळेत होतो. ते गेल्यावर डबीतून काढला आणि विकला. एकोणचाळीसचाच समजून विकला." मग तो पुढे सरकला. "मला विमानतळावर माल खात्यात नोकरी लागतेय. पोलीस पडताळणीच तेवढी बाकी आहे. अशा वेळी मी असला धंदा करीन का? तुम्ही नाणंच बघा ना. सगळं काळं आहे. मी आत्ता कोरलं असतं तर कोरलेल्या जागी चांदी पांढरी दिसली असती. तिथेही जुनं काळं बसलेलं असणार. म्हणजे बाबा घेतानाच फसले होते."

मी हवालदारांकडे पाहिलं. हवालदार पंख्याकडे पाहत होते.

नाणं एका जाणकाराकडे मी स्वतः घेऊन गेले. पार्ल्यातले वयस्कर गृहस्थ. त्यांनी दिवा आडवा धरला आणि मला भिंगातून दाखवलं. नऊच्या खाली डावीकडे नाण्याचा सपाट भाग किंचित खोलगट होता, आठचा वळसा तिथूनच कोरून काढला होता. "वजनकाटा काय कामाचा इथे? सालाचा जवळून, तिरक्या उजेडातला फोटो मागवायचा आणि अस्सल नाण्याशेजारी ठेवून बघायचा. घेणाऱ्याने एवढं केलं असतं तर घरबसल्या कळलं असतं."

"पण हे काम जुनं की नवं?"

"काळेपणावरून सांगितलं असतं. तो कोणी तरी धुऊन टाकलाय." मग ते बराच वेळ वाकून राहिले. "आकड्याच्या पोटात एक कण उरलाय. जुना वाटतो. काम निदान चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं असावं. पण एवढ्याशा कणावर मी लेखी मत देणार नाही. घासलं कोणी हे?"

मी ठाण्यातल्या कपाटाची किल्ली पर्समध्ये शोधू लागले.

परतताना जीपमध्ये हवालदार म्हणाले, "मॅडम, एक ओळ लिवून टाका. आपण घासला म्हणून. वाचात बिचारो."

"कोर्ट बघेल ते," मी म्हणाले.

खात्यात हे वाक्य फार सोयीचं असतं. वरिष्ठांपुढे आपलं हसं होईल, गौरी घासणारी अधिकारी म्हणून कँटीनमध्ये नाव पडेल, ही माझी भीती. त्या भीतीपायी दोषारोपपत्र गेलं. चकचकीत नाणं आणि घरातल्या कानशी एकमेकांशेजारी फार शोभून दिसल्या. पडताळणीच्या अर्जावर "गुन्हा प्रलंबित" असा शेरा पडला. नोकरी दुसऱ्याला मिळाली.

काही वर्षांनी साक्षीला उभी राहिले. त्याच्या वकिलाने विचारलं, "नाणं कोणी घासलं?"

"मी," म्हणाले. एका अक्षराला एवढी वर्षं लागली. तो सुटला.

बाहेर जिन्यापाशी तो निकालाची प्रत घेऊन थांबला होता. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "मॅडम, यात मी निर्दोष आहे असं कुठे लिहिलंय, दाखवता का? आईला वाचून दाखवायचंय. बाबांच्या कानशी जप्त झाल्यापासून ती कोणाकडे जात नाही."

मी चष्मा लावला. दोनदा वाचलं. 'संशयाचा फायदा' सापडला. निर्दोष हा शब्द नव्हता.

"नाहीये रे."

"बरं," म्हणाला आणि प्रत घेऊन जिना उतरला.

नोकरीत मी पुष्कळ खोटी माणसं पाहिली आणि त्यांना ओळखण्याचा मला गर्व होता. खरं बोलणारा समोर बसला की काय करायचं, हे मात्र मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. चूक झाली तर ती त्याच दिवशी, स्वतःच्या सहीनिशी लिहावी. उशिरा लिहिलेलं खरं कोर्टात चालतं, नोकरीवर ठेवणाऱ्याकडे चालत नाही.

म्हणून त्या निकालात जे नाही ते इथे लिहिते. तो आकडा त्याने कोरला नव्हता, त्याच्या वडिलांनीही नाही; रुपया त्यांच्या हाती येण्याच्या कितीतरी आधीचं ते काम होतं. मला हे पार्ल्यात त्या कणाविषयी ऐकतानाच कळलं होतं.