हॉलसाहेबांची शिट्टी

गल्लीने त्यांचं नाव ठेवलं होतं हॉलसाहेब. हॉल नव्हता आणि हे साहेबही नव्हते. पण नगरपालिकेने होऊ घातलेल्या क्रीडा संकुलावर त्यांना आधीच व्यवस्थापक नेमून टाकलं होतं. विटेला वीट लागलेली नाही, आणि व्यवस्थापक तयार! शाळेतली कवायत-मास्तरकी सोडून गृहस्थ रिकाम्या जागेवरच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसले. गळ्यात शिट्टी आणि भिंतीवर संकुलाचं रंगीत चित्र. त्यात निळाशार तलाव होता, लाकडी फरशीचं बॅडमिंटन कोर्ट होतं आणि कॉफी पीत बसलेली गुळगुळीत माणसं होती, तशी माणसं गल्लीत कुणी कधी पाहिली नव्हती.

काम काय, तर जागेवर कुणाला खेळू न देणं. पोरं चेंडू घेऊन आली की हे शिट्टी फुंकत धावायचे. "चला, निघा! ही खेळाची जागा आहे, इथे खेळायचं नाही!" आपण काय बोललो, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. लाकडी कोर्ट जिथे व्हायचं तिथे त्यांनी चुन्याने रेघा मारल्या होत्या, आणि त्या ओलांडताना ते भल्याभल्यांना चपला काढायला लावायचे. खाली काटे होते.

बाहेरच्यांचं सोडा, त्यांच्या घरात मुलगी होती. गल्लीत दोरी बांधून बॅडमिंटन खेळायची आणि मोठमोठ्यांना घाम फोडायची. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, हिला क्लबात घाला. साहेबांनी उडवून लावलं.

"माझ्या मुलीने लोकांच्या सिमेंटवर गुडघे फोडायचे? लाकडी फरशी होऊ दे. पहिला फटका तीच मारेल."

महागडी रॅकेट आणली आणि कव्हरसकट खिळ्याला टांगली.

"अहो, पोर वाढतेय," बायको म्हणाली. "चित्र वाढत नाही."

"तुला यातलं काही कळत नाही."

मुलगी थांबली. संताप येतो तो याचाच. बापाच्या शब्दावर विश्वास ठेवून ती शहाण्यासारखी थांबली. कोनशिला दोनदा बसली, दोन वेगळ्या पुढाऱ्यांच्या हातून; पाया एकदाही खणला गेला नाही. मुलगी शाळेतून कॉलेजात गेली, तिथून एका दुकानात हिशेबाला लागली.

शेवटी नगरपालिकेने संकुल गुंडाळलं आणि जागा गाड्या उभ्या करायला दिली. साहेबांना तिथेच ठेवून घेतलं, शिट्टीसकट. दुसरा कुणी असता तर शरमेने मान खाली घातली असती. हे मात्र छाती काढून घरी आले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "आता तू हवं तर क्लबात जा. माझी हरकत नाही."

मुलगी स्टुलावर उभी होती. कानापाशी एक बट पांढरी झालेली. हातात तीच रॅकेट, कव्हर न काढलेली. त्या रॅकेटने ती छताची जळमटं काढत होती.

"बाबा, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "डोक्यावर पडेल."

ते बाजूला झाले. एका फटक्यात तिने कोपरा साफ केला. मनगट अजूनही सुरेख वळत होतं.