यादीतला दुसरा कॉम्प्युटर

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळही नाही. नेट चालत नव्हतं, मग चालायला लागलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. पण तेवढंच असतं तर ते लपवावं का लागलं असतं?

दोन हजार आठ साल असावं. मी जळगावहून हिंजवडीत नोकरीला आले होते, एका कंपनीत टेस्टर म्हणून. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढायच्या, हेच काम. आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असा मला भारी तोरा. तिथून जवळच्या जांबे गावात घरमालक काका-काकूंच्या घरात वरची खोली माझी होती. खालच्या एका खोलीत उज्ज्वला राहायची. धरणापलीकडच्या गावातली मुलगी, पहिलीच नोकरी, ऑफिसला चालत जायची. तिचं आडनाव ऐकल्यावर खोली द्यायची की नाही, यावर काकांनी आठ दिवस काढले होते. हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा — मी तर कधीच विसरले नाही.

काकांच्या फोनच्या लाइनवरच मी नेट घेतलं होतं, राउटर माझ्या टेबलावर. रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला त्याचा हिरवा दिवा लुकलुकायचा आणि विझायचा. दहा मिनिटांनी आपोआप परत यायचा. मी राउटर बंद करून चालू केला, वायरी काढून परत खोचल्या, टेबल हलवलं. काही उपयोग नाही.

मग मी पाळत ठेवायला लागले. उज्ज्वला साडेसहाला घरी यायची. सातला नेट जायचं. रविवारी ती गावी जायची — आणि रविवारी नेट ठणठणीत! आणखी काय पुरावा हवा होता? तिच्याकडे जुना, कुणाकडून तरी घेतलेला कॉम्प्युटर होता. एकदा तिनं विचारलंही होतं, ताई, एक फॉर्म भरायचाय, तुमचं नेट लावू का. ऑफिसचा नियम आहे म्हणून मी नाही म्हटलं होतं. असा काही नियम नव्हता.

एका संध्याकाळी मी राउटरचं पान उघडलं. त्यात जोडलेल्या कॉम्प्युटरांची यादी दिसते — नावं नाहीत, नुसते लांबलचक आकडे. माझा लॅपटॉप एक. यादीत आकडे दोन. मला राग आला असं मी तेव्हा समजत होते. खरं सांगू? मला आनंद झाला होता. चोर सापडल्याचा.

तिला विचारण्याआधी मी काकांकडे गेले. कनेक्शन तुमच्या नावावर आहे, म्हटलं, ती मुलगी त्यावर काय भलतंसलतं करते कोण जाणे, उद्या पोलीस तुमच्या दारात यायचे. पोलीस हा शब्द मी मुद्दाम वापरला. काकांना एवढंच हवं होतं. त्यांनी तिला आठवड्यात खोली सोडायला सांगितलं.

ती वर आली. दारातच उभी राहिली, रडली नाही.

"ताई, मी तुमच्या नेटला हात बी लावला न्हाई. माझ्या डब्याला कुटलं आलंय वायरलेस? तुमी खाली येऊन एकदा बगा तरी."

मी गेले नाही. गेले असते तर दोन मिनिटांत कळलं असतं — म्हणूनच गेले नाही का? मी म्हटलं, आता काकांनी ठरवलंय, माझ्या हातात काही नाही.

गावात बोभाटा झालाच होता. जांब्यात तिला दुसरी खोली कुणी दिली नाही. धरणापलीकडून रोज ये-जा करायला एसटी जुळत नव्हती. तिनं नोकरी सोडली.

ती गेली त्या संध्याकाळी मी ऐटीत यादी उघडली. आकडे दोनच.

मी हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या माणसानं शांतपणे विचारलं, मॅडम, लॅपटॉपला केबल लावली आहे का? होती. वायरलेसही चालू आहे का? होतं, मी ते कधी बंदच करत नसे. मग दोन्ही तुमचेच, तो म्हणाला, केबलचा आकडा वेगळा, वायरलेसचा वेगळा. मी केबल काढली. यादीत एकच उरला.

आणि सातला नेट का जायचं? तेही कळलं, चार दिवसांनी. काकांच्या भावाचा फोन आला, खाली घंटी वाजली, आणि वर माझा दिवा विझला. राउटरच्या खोक्यात दोन छोट्या पांढऱ्या डब्या आल्या होत्या. लाइनवरच्या प्रत्येक फोनच्या वायरीला एकेक लावायची असते, नाहीतर फोन आला की नेट तुटतं. एक मी वर राउटरजवळ लावली होती. काकांच्या फोनला लावायची दुसरी माझ्याच ड्रॉवरमध्ये पडली होती. उज्ज्वलाच्या गावात मोबाइलला रेंज नव्हती. तिची आई रोज सातला दुकानातून काकांकडे फोन करायची. "उज्ज्वले, आईचा फोन हाय गं," ही काकूंची हाक मी रोज वर बसून ऐकत होते. रविवारी हाक नसायची, कारण रविवारी ती आईजवळच असायची.

दुसऱ्या दिवशी मी ती डबी घेऊन खाली गेले. फोनचा आवाज स्वच्छ येईल, असं सांगून लावली. काका बाजूला उभे राहून बघत होते. तिचा पत्ता त्यांच्या वहीत होता, वही फोनशेजारीच होती.

"पोरगी गेल्यापासनं नेट बेस चाललंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.