दानशूराची साखर

शिंपीकाम करणाऱ्या आपल्या नवऱ्याला गल्ली ‘दानशूर’ म्हणते, याचं तिला हसू यायचं. रक्तदानाचे फोटो दुकानभर टांगून तो गिऱ्हाइकांपुढे मिरवायचा. तिला मधुमेह निघाला तेव्हा चारचौघांत म्हणाला होता, "जिभेवर ताबा नाही, दुसरं काय!" त्याला सारखी तहान लागते म्हणून तिनं तपासणी सुचवली, तर वर तोंड करून म्हणाला, "माझं रक्त लोक मागून नेतात!"

या वेळी रक्तदान शिबिरात साखरही तपासणार असं कळलं आणि हा पठ्ठ्या दोन दिवस बिनसाखरेचा चहा प्यायला. मग बाही वर करून, मिशीला पीळ देऊन खुर्चीत बसला. फोटोसाठी ती फोन धरून उभीच होती.

यंत्रातला आकडा बघून नर्स म्हणाली, "काका, साखर फार वाढलीय. आज रक्त घेता येणार नाही."

"अहो, दोन दिवस गोडाला शिवलो नाही!"

"ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगते, काका."

बाहेर आल्यावर तो पुटपुटला, "गल्लीत कुणाला बोलू नकोस."

तिनं फोनमधला फोटो त्याच्यापुढे धरला. तोंडाचा आ वासलेला तो अगदी स्पष्ट आला होता.

"हा कुठल्या भिंतीवर लावायचा?"