आठ नंबरचा जोड

दिग्रस तालुक्यातल्या समस्त पायांना या जाहीर निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, बाजारात तीन पिढ्या जोडे विकणाऱ्या आमच्या घराण्यात आजवर एकाही माणसाने स्वतःच्या मापाचा जोडा घातलेला नाही.

हसू नका. हा आमच्या घरचा कायदा होता. आजोबा कापूस बाजाराबाहेर लिंबाखाली बसून चपला शिवत, तेव्हा तो त्यांनीच केला. चांगला जोड गिऱ्हाईकाचा. कोणीच घेत नाही तो घरचा. पुढे वडिलांनी पक्कं दुकान थाटलं, काचेची कपाटं आणली, जमिनीलगत आरसा बसवला. त्या आरशामुळे गावातली मोठमोठी माणसं मला लहानपणी गुडघ्यापर्यंतच ओळखीची होती. कायदा मात्र तोच राहिला. शाळेत मी मुलींच्या सँडल घालून गेलो, वरचं फूल उपटून. लग्नातले बूट तर इतके मोठे होते की आत कापूस कोंबावा लागला. मेव्हण्यांनी रिवाजाप्रमाणे ते पळवले, आत हात घातला आणि काही न मागता मुकाट्याने परत आणून ठेवले.

वडील गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच त्याचा नंबर सांगत. खाली बसत, त्याचं पाऊल स्वतःच्या मांडीवर घेत, अंगठ्यापाशी बोटाने दाबून विचारत, “लागते का?” माणूस ‘नाही’ म्हणेपर्यंत उठत नसत.

मागच्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं. संध्याकाळी दुकान बंद करून मी त्यांचे पाय चेपायला बसे. तेव्हा पहिल्यांदा ती बोटं नीट पाहिली. एकावर एक चढलेली, करंगळी तर आत दुमडूनच गेलेली. वर्षानुवर्षं आमच्याकडे सात नंबर उरायचा, म्हणून ते सातच घालत आले होते.

“बाबा, तुमचा खरा नंबर कोणता?”

“गिऱ्हाईकाले नंबर असते बापू. आपल्याले जे उरन ते.”

दुसऱ्या दिवशी मी दुकानातली माप घ्यायची लाकडी पट्टी घरी आणली. गुदगुल्या होतात म्हणून त्यांनी पाय मागे ओढला, तरी मी माप घेतलंच. आठ निघालं. गावातल्या निम्म्या पुरुषांचा नंबर. तो आमच्याकडे कधी उरलाच नव्हता.

मी आठ नंबरचा एक मऊ जोड आणून त्यांच्या उशाशी ठेवला. त्यांनी खोकं उघडूनही पाहिलं नाही.

“मले आता कुठं जायचं हाय? नेऊन ठेव जागेवर.”

मी नेऊन ठेवला. आठवड्यात तो विकला गेला, आणि महिन्याभरात वडील गेले.

आमच्यात तेरवीला मेलेल्याच्या नावाने छत्री आणि जोडे दान करतात. पुढच्या वाटेवर काटे असतात म्हणे. अशी गिऱ्हाइकं दुकानात नेहमी येत, आणि वडील त्यांना लगेच ओळखत. कारण ती जोडा पायात घालून पाहत नाहीत. त्यांच्यापुढे वडील उभे राहत आणि जोड दोन्ही हातांनी देत.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी आईला घेऊन दुकान उघडलं. आई वडिलांच्या जागेवर न बसता गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. पायात तिच्या कुठल्याशा जुन्या मालातल्या, अंगठा सैल झालेल्या चपला. मी मनाशी ठरवलं होतं, निदान त्या वाटेवर तरी बाबांची बोटं मोकळी राहिली पाहिजेत. म्हणून वरच्या फळीवरचा तपकिरी, खऱ्या चामड्याचा, आठ नंबरचा जोड काढला. दुकानातला सगळ्यात चांगला. आतला कागद काढून मी तो दोन्ही हातांवर घेतला आणि आईसमोर धरला.

इतक्या दिवसांत न रडलेली आई ताडकन उठली, माझा हात धरला आणि ओरडली, “अरे, थो जोड नोको रे काढू! थो दिवाळीत खपते!”