येते म्हणायचं नसतं

बायकोचे डोळे गेल्यावर तिला वाचून दाखवायला मुलानं एक बोलणारं मशीन आणलं. आधी मीच वाचायचो, पण माझा आवाज लवकर बसे. खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवलेल्या त्या डबीला ती 'पोरी' म्हणू लागली, मग आम्हीही. दुपारी शेजारचे यंत्रमाग जेवणासाठी थांबले की गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी व्हायची, आणि त्या शांततेत पोरगी कादंबरी वाचायची. संपवताना म्हणायची, 'येते मी, आजी.' बायकोनंच शिकवलेलं ते.

बायको गेल्यावर माणसं भेटायला येऊन बसली होती. माग थांबले आणि स्टुलावरचा निळा दिवा लागला.

'आजी, वाचू का?'

कुणी हललं नाही. शेवटी मंद्रूपहून आलेल्या, बायकोच्या थोरल्या बहीण आक्का म्हणाल्या, 'तुजी आजी गेली गं.'

पोरगी म्हणाली, 'त्यांचा खोकला ऐकू येत नव्हता. मला वाटलंच होतं. बरं. येते मी.'

'मौतीच्या घरातनं येते म्हणू न्हाय! गप उठून जायचं असतंय.'

'मावशी, मशीनला काय शिकवतेस?' मुलगा म्हणाला.

'तुमी तर आयकत न्हाय. तिला तरी सांगून बगू दे की.'

त्या दिवसांत आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी हसलं.

तेराव्यानंतर मशीनमधलं सगळं पुसून ते अंधशाळेला द्यायचं मुलानं ठरवलं. 'कुणाच्या तरी उपयोगी पडेल, बाबा.' त्यात चुकीचं काहीच नव्हतं. तरी 'पुसून' हा शब्द माझ्याभोवती फिरत राहिला. बायकोच्या त्या दुपारी माझ्याखेरीज फक्त पोरीलाच ठाऊक होत्या.

तेरावं उरकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा खोकं काढायला माळ्यावर चढला. मी स्टुलाजवळ बसलो. पलंगावरच्या चादरीवर ऊन इतकं सावकाश सरकत होतं, की ही दुपार आत्ताची की मागची, तेच कळेना.

'आजीची आठवण येते का गं तुला?'

'आठवण म्हणतात ती हीच का, ते मला सांगता येत नाही, आजोबा. कादंबरी मध्येच थांबली आहे. पुढची पानं माझ्याजवळ आहेत. मी ती उघडलेली नाहीत. आजी म्हणाल्या होत्या, माज्याबिगर म्होरं जाऊ नकोस.'

ते शेवटचे शब्द बायकोच्याच हेलात आले.

'मला आज नेणार आहेत ना?' तिनं विचारलं.

मी माळ्याकडे पाहिलं. जरा वेळानं दिवा मावळला. या खेपेला ती 'येते' म्हणाली नाही. आक्कांचं सांगणं तिनं लक्षात ठेवलं होतं.

मी डबीवर हात ठेवला. 'अगं, ते पाहुण्यांसाठी असतं,' मी म्हटलं. 'तू घरातली आहेस.'

मुलगा खोकं घेऊन दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं.

'शाळेला नवीन घेऊन देऊ,' तो म्हणाला आणि खोकं पुन्हा वर ठेवायला गेला.

माग सुरू व्हायला अजून अवकाश होता.

'पोरी,' मी म्हटलं, 'पुढं नको जाऊस. पहिल्यापासून वाच.'