खालची रजई

फोरमन कोणाच्या घरी गेले की आधी कपाटाकडे बघायचे. माणसं बिचारी चहा विचारायची आणि हे विचारायचे, "अमेरिकेचा कोट हाय का?" आमच्या भागात तो बहुतेक घरी असतोच. मुलाकडे हिवाळा काढून आलेले आईवडील तो फुगीर, बदकाची पिसं भरलेला कोट सोबत आणतात आणि मग नाशकात तो कधीच अंगाला लागत नाही, डांबराच्या गोळ्यांत पडून राहतो. "परत जायचंय का तिकडं?" फोरमनचा पुढचा प्रश्न तयार असायचा. नवराबायको एकमेकांकडे बघायचे आणि मग बाई उठून कोट आणून द्यायच्या. मी सोबत असले की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण सोसायटीत सगळे त्यांना फोरमनच म्हणायचे. गाव सिन्नरकडचं, त्यामुळे बोलण्यातला 'हाय' आणि 'नाय' काही गेला नाही. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते. आमच्या डोंगर भटकणाऱ्या ग्रुपात त्यांना मीच ओढलं, हे आधीच सांगून टाकते.

पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना जमिनीवर झोपवत नसे. म्हणून त्यांनी दोन झाडांना बांधायची कापडी झोळी, म्हणजे हॅमॉक, घेतली. पेठकडच्या जंगलात पहिल्या मुक्कामाला आम्ही सगळे त्यांना "पाळण्यातलं बाळ" म्हणून चिडवत होतो. सकाळी बाळ झोळीतून उतरलं ते कुडकुडत, ओठ निळे. अंगात दोन स्वेटर होते, वर जाड स्लीपिंग बॅग होती. चुलीपाशी बसून त्यांनी शांतपणे निकाल दिला. "ताई, थंडी वरून नाय येत, खालून येते. झोळीखालून वारं जातं. आणि अंगाखालचं पीस दबलं की संपलं. दबलेलं पीस म्हणजे नुसता कागद."

मग उपायही त्यांनीच काढला. रजई झोळीत घालायचीच नाही, झोळीच्या खाली बाहेरून टांगायची, म्हणजे ती दबत नाही आणि पीस फुगलेलं राहतं. ही त्यांची 'खालची रजई'. त्यासाठी ते कोट उसवायचे. खिशात कधी मळकं तिकीट निघायचं, कधी चुरगळलेला कागदी रुमाल. ते सगळं एका डब्यात ठेवून ज्याचं त्याला परत करायचे. पॅराशूटच्या कापडाचे दोन थर घ्यायचे आणि मधे मच्छरदाणीच्या पट्ट्या उभ्या शिवून कप्पे करायचे. "टाका आरपार गेला की तिथूनच थंडी घुसती," हे त्यांनी मला शंभर वेळा ऐकवलं असेल. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, शिलाई मशीनवर काकूंनाच बसायला मिळेनासं झालं.

खरा छळ पिसं भरण्याचा होता. नुसत्या श्वासानं ती उडायची. एके दिवशी वरणात पीस निघालं आणि काकूंनी जाहीर केलं, "आता एक तर ही बदकं राहतील या घरात, नाहीतर मी." भांडण मिटवायला मी गेले. मी म्हणाले, "बाथरूममध्ये बसून भरा ना. दार लावून घ्या, वारा नाही की उडणं नाही." एक्झॉस्ट फॅनच्या फटीतून पिसं बाहेर जायची म्हणून तिथं लावायला चिकटपट्टीसुद्धा मीच नेऊन दिली. फोरमन खूश. "ताई, तुमचं डोकं कारखान्यात पाहिजे होतं!" मलाही कोण आनंद झाला होता.

त्या बंद खोलीत स्टुलावर बसून त्यांनी दोन वर्षं पिसं भरली. मास्क लावला की चष्म्यावर वाफ यायची, म्हणून मास्क खुंटीला. ग्रुपातल्या एकेकाला रजई मिळत गेली. खोकला सुरू झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी कारखान्याला दोष दिला. जिन्यात ते दोनदा थांबायला लागले, मग चारदा. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, घरात पक्षी पाळलेत का? पिसांच्या बारीक धुळीनं फुप्फुसं कडक होत चालली होती. "आजपासून पिसाला हात लावायचा नाही. लावलात तर जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले. फोरमन हसले. "एवढी वर्षं लोखंडात काढली, काही नाय झालं. बदकानं गाठलं बघा."

माझी रजई तेवढी राहिली होती. मी नको म्हणाले. पण एकदाच म्हणाले, आणि तेही पुरेसं जोरात नाही, कारण मला ती हवी होती. हे मी काकूंना आजवर सांगितलेलं नाही. काकू भाजीला गेल्या की ते बाथरूमचं दार लावून घ्यायचे. रजई पुरी झाली त्या दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. गॅलरीत झोळी बांधलेली, खाली रजई टांगलेली. मला झोपायला लावलं, झोळी आणि रजईच्या मधे हात सरकवून रजई दबत तर नाही ना ते पाहिलं. धाप लागली होती, तरी विचारलं, "लागते का खालून?"

"नाही," मी म्हणाले.

त्यानंतर महिनाभर त्यांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. डिसेंबरात ते गेले.

मुलगा कॅनडातून येईपर्यंत दोन दिवस लागणार होते. भाड्यानं काचेची शीतपेटी आणली. फोरमनना आत ठेवायच्या आधी काकूंनी तळाच्या पत्र्यावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. "अगं, केवढा गार आहे हा! खालून लागेल ना त्यांना." पेटीवाला म्हणाला, "मावशी, गार तर राहायलाच पाहिजे." काकूंना ते ऐकूच गेलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी खाली जाऊन माझी रजई घेऊन आले. पत्र्यावर पसरली. चौघांनी त्यांना उचलून तिच्यावर ठेवलं तशी ती दबली, चपटी झाली. काकूंनी त्यांच्या पाठीखाली हात सरकवून पाहिला, अगदी ते बघायचे तसा.

"आता नाही ना गं लागणार?"

दबलेलं पीस म्हणजे कागद, हे त्या घरात फोरमनच्या खालोखाल मलाच माहीत होतं.

"नाही लागणार," मी म्हणाले.