मला ‘सर’ म्हणणारा चोर

भूमच्या स्टँडवर मला सोडायला आई आणि दादा आले होते. वडलांना आम्ही दादाच म्हणतो. एसटी लागली तशी मी खिडकीतून बॅग टाकून जागा धरली. आई खालून सांगत राहिली, “कुणी काय बी लिवून आणलं तर लगीच सही करू नगंस. आधी कुणाकडून तर वाचून घे.” दादांनी नव्या मालकिणीसाठी खव्याचं एक पुडकं तेवढं खिडकीतून दिलं आणि गाडी हलायच्या आधीच ते आमच्या खव्याच्या भट्टीकडं वळले. दूध यायची वेळ झाली होती.

त्याला अकरा वर्षं झाली. आज मी कोइमतूरला एका मिठाईच्या दुकानात आहे. गाववाल्यांनो, तुमच्यातले काही भूममध्येच राहिले, काही माझ्यासारखे लांब गेले. हे दोघांसाठीही लिहितोय, कारण ज्या हरामखोरांबद्दल लिहायचंय ते गाव बघत नाहीत, फक्त घाबरलेला माणूस बघतात.

आमच्या मालकिणीला सगळे अम्मा म्हणतात. ती मला तंबी म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. पहिली दोन वर्षं मी इथं नुसती कढया घासल्या. मग खवा माझ्याकडं आला, मग गल्ला, आणि गेल्या दिवाळीपासून दुकानाचा फोन. बँक, ऑर्डरी, मेल, सगळं त्या एका फोनमध्ये. नववीतून शाळा सोडलेल्या परमुलखातल्या माणसाच्या हातात एवढं कोण देतं? तिनं दिलं. त्यामुळं तो फोन मी चुलीवरच्या दुधासारखा सांभाळतो. नजर हटली की उतू जाईल अशी भीती.

त्या फोनवर एका दुपारी मेल आला. इंग्रजी होता. काही मी वाचला, काही फोनलाच मराठीत करायला लावला. ‘प्रिय ग्राहक, तुमच्या कॉम्प्युटरच्या सुरक्षेची योजना वर्षभरासाठी वाढवली आहे. अठ्ठावीस हजार रुपये आज खात्यातून जातील. नको असल्यास तासाभरात खालच्या नंबरवर फोन करा.’ खाली मोठ्या कंपनीसारखं चित्र, बिलाचा नंबर, सगळं झकपक.

मी तो मेल परत वाचला. पहिला विचार आला तो हाच, की माझंच बोट कुठंतरी लागलं. अर्धवट शाळा सोडलेल्या माणसाचं असंच असतं. यंत्रानं नुसता आवाज केला तरी आपणच काहीतरी मोडलं असं वाटतं. आणि अम्माला सांगायचं कसं? ती म्हणेल, तंबी, दे तो फोन इकडं. मी परत कढयांवर.

म्हणून गुपचूप मागच्या खोलीत जाऊन मीच त्या नंबरवर फोन केला. स्वतःच्या पायानं.

पलीकडचा माणूस लोण्यासारखा बोलत होता. “सर, आप बिल्कुल टेन्शन मत लीजिए, सर. पूरा पैसा वापस आएगा, सर.” मला जन्मात कुणी सर म्हणालं नव्हतं. शाळेत गुरुजी मला ‘ए दगड’ म्हणायचे. हा पाच मिनिटांत वीस वेळा सर म्हणाला, आणि लाज वाटते सांगायला, मला बरं वाटलं. मग त्यानं एक अ‍ॅप घ्यायला सांगितलं. त्यातून माझा फोन त्याला तिकडं दिसणार होता. पैसे परत करायला ह्याला माझ्या फोनमध्ये कशाला शिरायचंय, एवढं साधं मला सुचलं नाही. अ‍ॅप सापडलं. बोट त्याच्यावर होतं.

मी म्हणालो, “दो मिनट रुकिए, कितना पैसा कटा वो बँक में देखता हूँ.”

“नहीं सर! फोन मत काटिए! अभी देखोगे तो रिफंड कॅन्सल हो जाएगा!” लोणी एकदम आंबलं. मी परत तेच म्हणालो, तर सरही गेलं. “सुनो, जो बोला है वो करो.”

तिथं मला आमची भट्टी आठवली. नवीन माणूस दूध घालायला आला की दादा त्यातलं लिटरभर दूध वेगळं आटवायचे आणि खवा किती पडतो ते बघायचे. चांगलं दूध आणणारा निवांत बिडी ओढत बसायचा. पाणी घालणाऱ्याची मात्र तेवढ्यात एसटी सुटत असायची, नाहीतर घरी पाव्हणं आलेलं असायचं. तो गोड बोलायला लागला की दादा मला म्हणायचे, “त्येच्या तोंडाकडं बघू नगंस. कढईकडं बघ.”

मी फोन कापला. कढईकडं बघितलं. त्या मेलमधल्या कशालाही हात न लावता बँकेचं अ‍ॅप वेगळं उघडलं. एक रुपया गेला नव्हता. मग मेल पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं. वर कंपनीचं नाव, आणि खाली खरा पत्ता निघाला तो कुणीही फुकटात उघडावा तसला, मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी अक्षरं. बिल आमचं म्हणे, आणि त्यात ना दुकानाचं नाव ना अम्माचं.

आणि सगळ्यात शेवटी डोक्यात उजेड पडला. आमच्या दुकानात कॉम्प्युटरच नाही! बिलं फाडायचं एक मशीन आहे आणि हा फोन. नसलेल्या वस्तूच्या राखणीचे पैसे मी वाचवायला निघालो होतो.

काय लायकीची माणसं असतील ही! पाण्याचं दूध करणाऱ्याला निदान म्हैस तरी पाळावी लागते. ह्यांना तेवढेही कष्ट नकोत. हजारो लोकांना एकच खोटं बिल पाठवायचं आणि कोण घाबरतंय त्याची वाट बघत गादीवर बसायचं. शिकलेले म्हणतात, असल्याला अडाणीच फसतात. त्यांनाही मी ओवाळून टाकतो. मला अडाणीपणानं फसवलं नव्हतं, भीतीनं फसवलं होतं, आणि ती डिग्रीवाल्यालाही असते. असा मेल तुम्हाला आला तर त्यातल्या नंबरला फोन करू नका. आधी बँकेत आपलं आपण बघा. तोवर त्याला तडफडू द्या.

मग मी बाहेर येऊन अम्माला सगळं सांगितलं, फोन केला होता तेही. घाबरलो की माझं तमिळ मोडतं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “कंप्यूटरा? नम्म कडैलया?” कॉम्प्युटर, आपल्या दुकानात? आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसणं ओसरल्यावर फोन माझ्याकडं सरकवून म्हणाली, उद्या सण आहे, दूधवाल्याला वीस लिटर जास्त सांग.

नववीत नापास झालो तेव्हा तो निकाल मी दादांपासून तीन आठवडे लपवला होता. माराची भीती नव्हती, त्यांचा चेहरा बघवला नसता. गाव कुठलं विचारलं तर मी अजून भूमच सांगतो आणि सांगत राहणार. पण अम्माला माझी चूक सांगायला मला अर्धाच तास लागला. तेवढं हेही घर झालंय.